इथे कुणी मारत नाही

परवा ऑफिसात डबे उघडले आणि पुन्हा तोच विषय निघाला. मोबाइलवर तुरुंगाची कुठलीशी नवी मालिका आलीय आणि आमच्या टेबलावरच्या सगळ्याजणी ती बघताहेत. "बाई गं, काय मारतात त्याला! मला तर बघवेना, उशीच धरली तोंडावर," असं म्हणत एकीने लोणच्याची फोड तोंडात टाकली. दुसरीने विचारलं, "खरंच असं असतं का गं आत?" आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं की माझा भाऊ आत होता. एक जण घाईघाईने मला कोशिंबीर वाढायला लागली.

मी म्हटलं, "नाही हो, असं काही नसतं. माझ्या भावाला कुणी बोटसुद्धा लावलं नाही."

त्यांना हायसं वाटलं. चला, विषय संपला. मी मात्र डबा बंद केला. मी खोटं बोलले नव्हते, आणि माझी आग नेमकी तिथेच आहे. कुणी मारलं नाही त्याला. आत गेला तेव्हा एक कान कामापुरता आणि दुसरा चांगला, असा गेला. बाहेर आला तो ठार बहिरा होऊन. आता हे कोशिंबीर खाताना कसं सांगायचं लोकांना?

भाऊ माझ्याहून लहान. वडील गेल्यापासून नाशिकला गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच, आई, मी आणि तो. लहानपणी तो पोरांबरोबर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पोहायला जायचा. वरून उड्या मारमारून डावा कान फोडून घेतला त्याने, तेव्हापासून तो कान अधूनमधून वाहायचा. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि वाहायला लागला की लगेच थेंब आणि गोळ्या सुरू करायच्या, अंगावर काढायचं नाही. उजव्या कानाचा पडदाही नाजूकच आहे, म्हणाले, तो गेला तर मग काही उरणार नाही. त्यामुळे तिशी उलटली तरी तो घरी असला की अंघोळीआधी आई तेलात भिजवलेले कापसाचे बोळे त्याच्या हातात द्यायची. तो वैतागायचा, पण घालायचा.

इमारतीच्या कामावर सुपरवायझर होता तो. साइट दुसऱ्या जिल्ह्यात, तिथेच खोली घेऊन राहायचा. पायाच्या खड्ड्याची कड ढासळली आणि दोन मजूर गाडले गेले. त्यांचीही घरी कुणीतरी वाट बघत होतं, हे मी विसरत नाही. कडेला आधार न लावता काम पुढे रेटायचा हुकूम वरचा होता, पण कागदावर सही याची. वरच्यांना अटकेआधीच जामीन मिळाला. हा मात्र जागेवर सापडला, पळून जायची अक्कल नव्हती त्याला.

आमच्या घराण्यात कुणी पोलीस स्टेशनची पायरी चढलेलं नाही. वकील म्हणजे घराच्या खरेदीखताला लागतो तो, एवढंच आम्हाला ठाऊक. तुरुंगाबद्दलची आमची सगळी माहिती सिनेमातली. अंधारी कोठडी, मिशीवाला जेलर, उलटं टांगलेला माणूस, पाण्यात भिजवलेला पट्टा. आईने अटकेची बातमी ऐकली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "मारतील गं त्याला." जामीन, खटला, शिक्षा यातलं तिला काही सुचलंच नाही.

आणि या विषयातला आमच्याकडचा जाणकार म्हणजे मामा.

मामा नांदगावचा, आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी त्याने तिथे व्हिडिओ सेंटर चालवलं होतं. ताडपत्रीखाली टीव्ही मांडायचा आणि बाजाराच्या दिवशी लागोपाठ सिनेमे लावायचा. तुरुंगाचे सिनेमे लय चालायचे, असं तो अजून सांगतो. कुठल्या सिनेमात कोण कसा पळाला, कुणी जेलरला कसं गुंडाळलं, सगळं तोंडपाठ. लहानपणी आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याभोवती बसून ते ऐकायचो, भाऊ तर त्याच्या मांडीवरच असायचा. भाच्यावर त्याचा जीव होता. अटकेचं कळल्यावर असेल तसा निघून आला बिचारा. हो, बिचाराच म्हणते मी. रागाच्या भरात मी त्याला काय काय बोलले ते पुढे येईलच.

पोलीस कोठडी संपवून भावाला कोर्टात आणलं त्या दिवशी आम्ही व्हरांड्यात उभे होतो. बरोबरचा शिपाई भला होता. "बोला दोन मिनिटं," म्हणून जरा बाजूला सरकला. आई नुसती त्याच्या दंडावरून हात फिरवत होती. मामाने त्याला कोपऱ्यात घेतलं आणि कानाशी लागला. उजव्या कानाशी, त्याला ठाऊक होतं.

"हे बघ पोरा, आत गेलं का लय मारत्यात. पहिल्या दिशीच सोलून काढत्यात. त्यापरीस एक कर. साहेबासमोर उभं केलं का छातीला हात लावायचा आन खाली पडायचं. दवाखान्यात टाकत्यात मंग. खाट हाय, पंखा हाय, घरचा डबा हाय. मोठी मोठी मानसं काय करत्यात? हेच करत्यात."

मी म्हटलं, "मामा, काहीतरीच काय सांगतोस!" तो म्हणाला, "तू गप बस. तुला काय ठावं नाय." भाऊ हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा. कोठडीतल्या इतरांनी त्याला काय काय सांगून आधीच घाबरवलं होतं कोण जाणे. त्याचा स्वभाव माझ्या पूर्ण ओळखीचा. हा माणूस वाण्याकडे सुटे पैसे जास्त आले तर परत करायला जातो. तो असलं काही करेल असं मला वाटलंच नाही.

केलं त्याने. नाव पुकारलं, पिंजऱ्यात उभा राहिला, छातीला हात लावला आणि कोसळला. अगदी सिनेमात पडतात तसाच, आधी गुडघ्यावर आणि मग आडवा. आईला काहीच माहीत नव्हतं. तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून सगळं कोर्ट उभं राहिलं. मामाने मात्र माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत. तिथला तरुण डॉक्टर दमलेला होता, बाहेर खरेखुरे पेशंट जमिनीवर बसलेले होते. त्याने लिहिलं की याला काहीही झालेलं नाही, हा बनाव करतो आहे. चूक काय लिहिलं त्याने? संध्याकाळच्या आत भाऊ तुरुंगात पोहोचला आणि तो कागदही त्याच्याबरोबर पोहोचला. तिथे सगळे त्याला 'हिरो' म्हणायला लागले. शिपाई, बंदी, कंपाउंडर, सगळे.

पहिल्या भेटीला आई आणि मी नाशिकहून पहाटेची एसटी धरून गेलो. मधे जाड काच आणि दोन्हीकडे फोन. रांगेत अशा बऱ्याच खिडक्या, प्रत्येक खिडकीशी माणसं, आणि प्रत्येकजण ओरडतोय. आईने फोन कानाला लावला आणि विचारलं, "मारतात का रे?"

"नाही आई."

"खरं सांग. शर्ट वर कर."

त्याने शर्ट वर केला. वळला. पाठ दाखवली, पोट दाखवलं, बाह्या सरकवल्या. आई काचेला नाक लावून बघत होती. कुठे काळंनिळं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. मग मी फोन घेतेय तोवर वेळ संपत आलेली. त्याने घाईघाईने एवढंच सांगितलं, "ताई, इथे हौदावर अंघोळ असते. सगळे एकदम पाणी उडवतात. कापूस मिळत नाही. थेंब पाठव."

थेंब मी लगेच नेले, पावतीसकट. गेटवरच मला परत दिले. बाहेरचं औषध चालत नाही. नियम असेल, मी मान्य करते. मग आतल्या डॉक्टरला दाखवा, म्हटलं. दाखवलं होतं म्हणे, त्यांनी दुखायची गोळी दिली होती. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा त्याच्या डाव्या कानातून पू येत होता आणि तो म्हणाला, उजव्यातही ठणका सुरू झालाय. आईने तेव्हाही आधी शर्ट वर करायला लावला. मी तिच्यावर खेकसले, "अगं, कान बघ त्याचा, कान!" तर ती म्हणाली, "कान लहानपणापासूनच वाहतो त्याचा. हाडं तर शाबूत आहेत ना?" तिने मनाची तयारी वेगळ्याच गोष्टीची केली होती, आणि ती गोष्ट झाली नाही याचाच तिला आनंद होता.

मी तुरुंगाच्या साहेबांना भेटले. सिनेमातला जेलर मनात धरून गेले होते, म्हटलं आज एक घाव दोन तुकडे. समोर एक चष्मेवाले गृहस्थ बसलेले. "बसा ताई" म्हणाले, पाणी मागवलं. माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, आमच्याकडे कुणाला हात लावत नाहीत. सिनेमात दाखवतात तसं इथे काही नसतं. हवं तर भावालाच विचारा."

"हात लावला नाही, कबूल. पण त्याचा कान सडतोय."

त्यांनी एक फाइल उघडली, वाचली, आणि थोडंसं हसले. वाईट नाही हसले, समजूतदारपणे हसले. "आधी छाती झाली, आता कान. ताई, सिनेमे आम्हीही बघतो. इथे प्रत्येकाला बाहेरच्या दवाखान्यात जायचं असतं. नेमका खरा कोण, हे आम्ही कसं ओळखायचं? आणि न्यायचं म्हटलं तरी बरोबर पोलीस लागतात, ते मिळाले तर नेऊ ना."

त्यांच्यावर ओरडावं असं एकही वाक्य ते बोलले नाहीत. मी पाणी पिऊन बाहेर आले आणि गेटसमोरच्या टपरीपाशी उभी राहून रडले. सिनेमात बरं असतं, ज्याचा राग धरायचा तो माणूस समोर दिसतो. त्याच्या हातात काठी असते, शेवटी त्याचं काहीतरी वाईट होतं, आणि आपण पॉपकॉर्नचा कागद चुरगळून घरी येतो. मी कुणाचा राग धरायचा होता? मला ताई म्हणणाऱ्याचा?

त्या दिवशी घरी आल्यावर मी मामाला फोन केला. माझी जीभ सुटली की सुटते. "तुझ्या त्या सिनेमांना काडी लाव," म्हटलं. "तू शिकवलंस ते नाटक त्याच्या कपाळी चिकटलंय. आता तो खरं ओरडला तरी कुणी बघत नाही. त्याचे कान गेले ना, तर तू माझ्या दारात यायचं नाही." तो म्हणाला, "मी त्याला मारापासून वाचवाया गेलतो गं." मी फोन ठेवला. त्यानंतर मामा आला नाही.

आम्ही केलेल्या वकीलसाहेबांनी त्याला बाहेरच्या दवाखान्यात न्यावं म्हणून अर्ज केला. कोर्टाने तुरुंगाकडून अहवाल मागवला. पुढच्या तारखेला भावाला आणलंच नाही, बरोबर द्यायला पोलीस नव्हते, बंदोबस्ताला गेले होते. त्याच्या पुढच्या तारखेला अहवाल आला की बंद्याची प्रकृती स्थिर असून त्याने याआधीही आजाराचा बनाव केलेला आहे. वकीलसाहेब म्हणाले, "हे एक वाक्य नसतं ना, तर मी त्याला आजच दवाखान्यात हलवला असता." मग सुट्ट्या लागल्या. आम्ही काय केलं? देवाला पाण्यात ठेवलं. खरंच ठेवलं, आईने गणपती तांब्यात बुडवून ठेवला. त्या तांब्याकडे बघून मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळत नव्हतं.

दरम्यान आम्ही भेटीला जातच होतो. फोन तो आधी डाव्या कानाला कधीच लावायचा नाही. आता या कानाचा त्या कानाला, त्याचा पुन्हा याला, असं चालायचं. त्या खोलीत सगळेच "काय? काय?" ओरडत असायचे, त्यामुळे त्याचं "काय?" वेगळं उठून दिसत नव्हतं. नंतर नंतर त्याने "काय?" म्हणणं सोडून दिलं. आमच्या तोंडाकडे बघायचा आणि "हो हो" म्हणायचा. आई खूश. "बघ, कसा शहाण्यासारखा ऐकून घेतोय."

मला शंका आली. मी फोन घेतला आणि विचारलं, "जेवलास का?"

"हो."

"झोप लागते?"

"हो हो."

मग तोंडासमोर पदर धरून मी विचारलं, "तुझं नाव काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "हो ताई."

आई शेजारीच होती. तिने विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "बरा आहे म्हणतो." काचेला हात लावायची परवानगी नसते, तरी मी लावला. शिपायाने मला हटकलंसुद्धा नाही, भला होता तोही.

शेवटी आरोपपत्र दाखल झाल्यावर वरच्या कोर्टातून जामीन मिळाला, आणि तोही कानांसाठी नाही. तपास संपला, आता आत ठेवायचं कारण नाही, एवढ्यावर मिळाला. तुरुंगाच्या लहान दारातून तो वाकून बाहेर आला, हातात कपड्यांची पिशवी. आईने हाका मारल्या. तो सरळ रस्त्याकडे चालत निघाला. मी धावत जाऊन त्याचा दंड धरला तेव्हा दचकला. आईने तिथेच रस्त्यात त्याचा शर्ट वर केला, पाठीवर पालथा हात फिरवला आणि म्हणाली, "नाही गं, कुठेच मारलं नाहीय."

नाशिकला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं. डावा तर गेलाच, पण संसर्ग आत उतरून उजव्याची नसही गेली. ऐकायचं मशीन लावून पाहिलं. आवाज येतो म्हणाला, शब्द येत नाहीत, सगळा नुसता कालवा. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला साध्या थेंबांवर भागलं असतं." मला माहीत होतं. ती बाटली माझ्या पर्समध्येच होती, कितीतरी दिवस.

आता तो घरीच असतो. खटला उभा आहे. साइटवर कोण घेणार? मागून येणारी गाडी कळत नाही, म्हणून आई त्याला एकट्याला कोपऱ्यापर्यंतही सोडत नाही. बोलतो फार मोठ्याने, स्वतःचा आवाज त्याला कळत नाही. "आई, मीठ दे" म्हणाला की खालच्या मजल्यावर ऐकू जातं.

आणि गेल्या महिन्यात मामा आला.

मी दार उघडलं तर तो चप्पल हातात घेऊनच उभा. अर्धा झाला होता. मी दारातून बाजूला झाले, ये म्हटलं नाही. भाऊ पलंगावर बसून लसूण सोलत होता. मामाला बघून त्याचा चेहरा फुलला. मामा त्याच्यासमोर जमिनीवर बसला, त्याचे दोन्ही पाय धरले आणि सांगायला लागला. माझ्यामुळं झालं पोरा, माझी अक्कल शेण खायला गेलती, मला माफ कर. खाली मान घालून बोलत होता, त्यामुळे ओठसुद्धा दिसत नव्हते. भाऊ माझ्याकडे बघत होता, हा काय करतोय म्हणून.

मामा माझ्याकडे वळला. "तू सांग त्याला. मला माफ कर म्हनून सांग."

मी इतके दिवस याच घटकेची वाट बघत होते. त्याने माझ्यासमोर नाक घासावं असं मला कितीदा वाटलं होतं. मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुझं तूच सांग."

मग तो ओरडला. सत्तरीचा माणूस, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. "माझ्यामुळं झालं रे!" आई स्वयंपाकघरातून पळत आली. शेजारच्यांनी दार उघडलं. तो पुन्हा ओरडला, आणखी जोरात, "पोरा, माझ्यामुळं झालं!" आवाज फाटला त्याचा आणि खोकल्याची उबळ आली. भाऊ घाबरून उठला, त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागला, आणि त्या मोठ्या आवाजात मला म्हणाला, "ताई, काय म्हणतोय हा? कुणी मारलं का याला?"